दारू सोडण्याच्या मीटिंगचा पत्ता विचारला आणि २०,३०० रुपयांना गंडा बसला

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला बसण्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही, हे मी सर्वांत आधी सांगते, कारण एवढे एक वाक्य त्या रात्री मला कुणी सांगितले असते तर पुढचे काहीच घडले नसते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीची सभासद होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. तिथे फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. जागेचे भाडे आणि चहापाणी सभासद आपसातल्या ऐच्छिक वर्गणीतून भागवतात. बाहेरच्यांची देणगी ते स्वीकारत नाहीत.

माझा धाकटा भाऊ नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहे. पिण्यापायी नोकरी जाण्याची वेळ आली, तेव्हा एका रात्री तो आपणहून म्हणाला, "ताई, त्या मीटिंगला एकदा जाऊन बघतो." ज्यांच्या घरात पिणारा माणूस आहे, त्यांना या शब्दांची किंमत सांगायला नको. सकाळपर्यंत त्याचे मन फिरेल या धास्तीने मी तेव्हाच मोबाइलवर जवळची मीटिंग शोधली आणि सर्वांत वर दिसलेल्या क्रमांकावर फोन लावला. याला कुणी उतावीळपणा म्हणेल, पण माझ्या जागी कुठलीही बहीण हेच करती.

फोनवरचा माणूस स्वतःला समन्वयक म्हणवत होता. त्याने गंगापूर रोडवरच्या एका हॉलचा पत्ता आणि वेळ सांगितली, आणि पुढे सारे नेहमीच्याच पद्धतीने झाले. आधी नोंदणीचे १,५०० रुपये, मग 'साहित्य आणि आयुर्वेदिक किट'चे ६,८००, आणि शेवटी भावाला सांभाळणाऱ्या 'स्पॉन्सर'चे १२,००० रुपये. खरा स्पॉन्सर म्हणजे स्वतः दारू सोडलेला जुना सभासद असतो आणि तो या कामाचा एक पैसाही घेत नाही, हे मला फार उशिरा कळले.

सर्वांत जास्त जळफळाट होतो तो एका क्षणाचा. त्या माणसाने भावाच्या आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. भाऊ शेजारीच बसला होता. तो चटकन म्हणाला, "माझं नाव कुठे जाणार नाही ना? कारखान्यात कळलं तर?" मी तेच फोनवर विचारले, तर उत्तर आले, "नोंद असल्याशिवाय आत घेत नाहीत, मॅडम." जिथे माणसे आपली ओळख झाकूनच येऊन बसतात, तिथे दाराशी आधार कार्ड कशाला हवे? शिवाय क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुठल्याशा 'एंटरप्रायजेस'चे नाव आले होते. भावाला नेमकी शंका आली होती आणि मीच त्याची समजूत घालत बसले.

सांगितलेल्या वेळी हॉलला कुलूप होते आणि वॉचमनने अशी मीटिंग इथे कधीच भरत नाही असे सांगितले. किट मात्र कुरिअरने आले. त्यात प्लास्टिकच्या बरणीत तपकिरी पूड होती. तिच्यावर ना उत्पादकाचे नाव, ना बॅच क्रमांक. सोबतच्या चिठ्ठीत फक्त 'रुग्णास न सांगता चहातून किंवा भाजीतून द्यावे' एवढेच लिहिले होते. असली पूड कुणालाही देऊ नका. दारूवर डायसल्फिरम नावाचे औषध डॉक्टर देतात, पण ते रुग्णाला सांगून आणि तपासण्या करून दिले जाते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणेही धोक्याचे असते, त्यात फिट येऊ शकते.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली, पोचही मिळाली, पण त्यापुढे काहीच हलले नाही. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरातच तिथे फोन करा, म्हणजे रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते. बँकेने 'पिन तुम्हीच टाकला' म्हणून हात वर केले. पोलीस ठाण्यातून सायबरकडे, सायबरकडून 'एवढ्याशा रकमेसाठी' पुन्हा ठाण्याकडे अशी माझी टोलवाटोलवी झाली, आणि ठाण्यातल्या हवालदाराने भरल्या खोलीत मोठ्याने विचारले, "घरात पितं कोण?" बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या. फसवणारा मोकळा फिरतो आहे आणि तक्रार करणाऱ्या बाईने मान खाली घालायची, हा कुठला न्याय? ज्या लाजेवर हे भामटे पोट भरतात, तीच लाज वर्दीतल्या माणसाने अशी वापरावी याचा संताप अजून जात नाही. लेबलच नाही तर शोध कसा घेणार, असे म्हणून औषध खात्यानेही बरणी परत केली.

मीटिंग शोधायची असेल तर सरकारच्या १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारा, किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या जुन्या केंद्राकडून पत्ता घ्या. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात, त्याही विनामूल्य. पैसे, आधार किंवा फोटो मागितला की फोन तिथेच ठेवा.

पोलिसांनी गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार लेखी तक्रार टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येते. मी ती पोलीस आयुक्तांकडे पाठवली आहे, बरणीचे आणि चिठ्ठीचे फोटो जोडून. त्या हवालदाराने विचारलेला प्रश्नही त्यात शब्दशः लिहिला आहे.