सूर्य झाकायचा की ढग उजळायचे: हात वर करण्याआधी

लोकमान्यनगरातल्या आमच्या चर्चामंडळापुढे ठराव आहे: 'पृथ्वी थंड ठेवण्यासाठी सूर्यप्रकाश मंद करावा.' मत हात वर करून द्यायचं आहे. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी दोन मुख्य मार्ग शेजारी ठेवतो. सगळे तापमानाच्या अंशांत बोलतात. इंदूरच्या माणसानं आधी पावसाचं विचारावं, असं माझं मत.

पहिला मार्ग स्थितांबराचा, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थराचा. विमानांनी सुमारे वीस किलोमीटर उंचीवर सल्फर डायऑक्साइड सोडायचा; त्याचे सूक्ष्म थेंब ऊन परत फिरवतात. याचा पुरावा निसर्गानेच दिलाय. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीडदोन कोटी टन वायू वर गेला आणि जग जवळपास अर्ध्या अंशाने थंडावलं. उपाय लागू पडतो, यात वाद नाही.

पण 1992 मध्ये जमिनीवरचा पाऊसही घटला. कार्बन डायऑक्साइड उष्णता रात्रंदिवस अडवतो, छत्री मात्र उन्हापुरतीच. त्यामुळे सरासरी तापमान जुळवलं तरी बाष्पीभवन आणि पाऊस जुळत नाहीत, ते कमी पडतात. 'शब-ए-मालवा' म्हणून मिरवणाऱ्या आपल्या गार रात्रींनाही दिवसाच्या छत्रीचा आधार अर्धामुर्धाच.

शेतात याचा अर्थ काय? सोयाबीन जूनअखेरीस पेरलं की ऑगस्टमध्ये फुलावर येतं. तेव्हा पावसानं ओढ दिली तर काळ्या रानाला भेगा पडतात, फुलं गळतात, शेंगा धरल्या तरी दाणा भरत नाही. वर्षाची सरासरी बरी दिसूनही पीक जातं, ते असं. शिवाय फवारा फक्त उत्तर गोलार्धात मारला, तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे कुठून सोडणार, हा तपशील नाही. आपल्यासाठी तोच मुख्य प्रश्न आहे.

दुसरा मार्ग समुद्रावरच्या ढगांचा. शास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी 1990 मध्ये मांडलेली कल्पना: समुद्राच्या पाण्याचा बारीक फवारा उडवायचा, मिठाच्या कणांभोवती जास्त आणि लहान थेंब जमतात, ढग अधिक पांढरे होतात. यात गंधक नाही, म्हणून त्याच्यामुळे ओझोनच्या थराला बसणारा धक्काही नाही. फवारा थांबवला की काही दिवसांत सगळं धुऊन जातं. मला हा गुण मोठा वाटतो. दोष असा, की थंडावा ठिगळांसारखा पडतो. एका समुद्राचा तुकडा गार केला की दूरवरचे वारे बदलू शकतात, आणि आपला मान्सून म्हणजे शेवटी वारेच. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर 2020 पासून लहान चाचण्या झाल्या, पण प्रवाळांसाठी, जगासाठी नव्हे.

थांबवण्याच्या बाबतीत पहिला मार्ग फार वाईट. वरचे थेंब वर्षदोन वर्षांत खाली येतात, म्हणून भरणा चालूच ठेवावा लागतो. पन्नास वर्षांनी युद्धामुळे किंवा पैशाअभावी तो बंद पडला, तर दाबून ठेवलेली सगळी उष्णता दहावीस वर्षांत उसळून येईल. त्यातून हा मार्ग तुलनेनं स्वस्त, म्हणजे एखादा देश कुणाला न विचारता सुरू करू शकतो. मला खरी भीती याची वाटते.

दोन्ही मार्गांनी हवेतला कार्बन कमी होत नाही. औद्योगिक युगाआधी दर दहा लाखांत 280 भाग होता, आता 420 च्या वर आहे. समुद्राचं पाणी आम्ल होत राहणार. गच्ची पांढरी रंगवण्याचा मुद्दा कुणीतरी काढेलच. वरच्या मजल्याची खोली नक्की गार होते, जरूर रंगवा. जगाच्या तापमानाशी तिचा संबंध नगण्य.

ठराव आहे तसा आला तर माझा हात खालीच राहील. 'अभ्यास करावा' एवढीच दुरुस्ती आली, तर वर जाईल. ढगांच्या छोट्या, लगेच थांबवता येणाऱ्या चाचण्यांनाही माझी हरकत नाही. स्थितांबराच्या बाजूनं बोलणाऱ्याला मात्र एवढं विचारा: बटण कुणाच्या हाती, आणि माळव्यात ऑगस्ट कोरडा गेला तर भरपाई कोण देणार?