पोहण्याच्या तलावाचा पंप बदलताना: बिडाचा मोनोब्लॉक की गाळणीचा सेल्फ-प्रायमिंग पंप?

फार्महाऊसवरच्या किंवा कृषी पर्यटन केंद्रातल्या लहान तलावाचा पंप बंद पडला, की सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात मालकाला पहिला सल्ला मिळतो तो जुनी मोटर भरून घेण्याचा, म्हणजे तिच्या तारेची गुंडाळी (वायंडिंग) नव्याने करून घेण्याचा. दुसरा सल्ला तेवढ्याच हॉर्सपॉवरचा नवा बिडाचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेला साधा पंप, बसवण्याचा असतो, आणि तलावाच्या सामानाचा विक्रेता गाठला तर गाळणीसह येणाऱ्या प्लास्टिक बॉडीच्या सेल्फ-प्रायमिंग, म्हणजे आपणहून पाणी धरणाऱ्या, पंपाचे नाव पुढे येते. तासगाव रस्त्यालगतच्या आमच्या मळ्यातील तलावावर मी आधी मोनोब्लॉक वापरला आणि आता सेल्फ-प्रायमिंग पंप वापरतो आहे, त्यामुळे पुढचे विवेचन अनुभवाचे आहे. प्रयोगशाळेतल्या मोजमापाचे नाही.

मोटर भरून घेण्याचा विचार आधी संपवतो. मोटर नुसतीच गुणगुणत असेल आणि शाफ्ट हाताने सहज फिरत असेल, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो आणि तेवढाच बदलून काम भागते. मात्र शाफ्टपाशी पाणी अडवणारे सील गळून पाणी बेअरिंगपर्यंत आणि तिथून वायंडिंगपर्यंत पोहोचले असेल, तर केवळ मोटर भरून आणल्याने मूळ दोष जागेवरच राहतो. सील, बेअरिंग आणि वायंडिंग या तिन्हींचा खर्च एकत्र केला, की नव्या पंपाचा विचार करणेच शहाणपणाचे ठरते, असे माझे मत आहे.

मोनोब्लॉकविषयी आपल्याकडे असलेला विश्वास अकारण नाही. औंध संस्थानच्या हद्दीत १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि पंप बनवण्याचे काम पुढे या जिल्ह्यात रुजले. आज कोणत्याही गावातला मिस्त्री बिडाचा पंप डोळे मिटून उघडतो आणि त्याचे सील किंवा इंपेलर (पाणी फेकणारे चाक) तालुक्याच्या दुकानात तयार मिळतात. मला मिळालेल्या दरांत तलावाचा खास पंप मोनोब्लॉकच्या जवळपास दुप्पट किमतीचा होता. विहिरीवर आणि ठिबकवर मी स्वतः आजही मोनोब्लॉकच वापरतो आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तलावाचे काम वेगळे आहे, एवढाच मुद्दा आहे.

तो वेगळेपणा आधी हिशेबात दिसतो. आमचा तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे ७०,००० लिटर पाणी मावते. हे सगळे पाणी ८ तासांत एकदा फिल्टरमधून जावे असे धरले, तर तासाला पावणेनऊ हजार लिटर पुरेसे होतात. पाइप, व्हॉल्व्ह आणि थोडासा मळलेला वाळूचा फिल्टर मिळून माझ्या अंदाजाने हेड, म्हणजे पंपाला पेलावा लागणारा दाब, पाण्याच्या उंचीत मोजला तर १० मीटरच्या आसपास भरते. एवढ्याला पाऊण हॉर्सपॉवरचा तलावाचा पंप पुरतो. आमच्याकडे होता तो दीड हॉर्सपॉवरचा, विहिरीच्या हिशेबाने जास्त हेडसाठी बनवलेला मोनोब्लॉक. असा पंप कमी हेडवर चालवला की तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटर जादा अँपिअर खाते, आणि ते टाळण्यासाठी गेटव्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवावा लागतो, म्हणजे वीज भरून पाणी अडवावे लागते. शिवाय ५०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधून तासाला १० हजार लिटरपेक्षा फार जास्त पाणी रेटले, तर वाळू बारीक गाळ धरून ठेवत नाही आणि पाणी फिरते खरे, पण नितळ होत नाही. म्हणून जुन्या पंपाच्या पाटीवरचा हॉर्सपॉवरचा आकडा पाहून तोच आकडा मागू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तलावाचे लिटर आणि फिल्टरचा व्यास घेऊन दुकानात जावे.

हा हिशेब मात्र लहान मोनोब्लॉक घेऊनही सुटू शकला असता. माझा निर्णय ज्याने केला ती गोष्ट निराळी आहे, आणि ती म्हणजे वीज गेल्यावर पंपाने पाणी सोडणे.

आपल्याकडे काळ्या जमिनीत खड्डा घेऊन पंप बसवला, तर पावसाळ्यात खड्डा पाझराने भरतो आणि मोटर बुडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले, त्यानंतर तर नदीकाठच्या अनेकांनी मोटारी उंच ओट्यावर घेतल्या. आमचाही पंप ओट्यावर, तलावाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा दोन-अडीच फूट वर आहे. मोटर सुरक्षित राहते, पण सक्शन पाइपमधले पाणी टिकवण्याची सगळी जबाबदारी व्हॉल्व्हवर येते. विहिरीत पाइपच्या तळाशी पाणी अडवणारा फुटव्हॉल्व्ह टाकता येतो. तलावाच्या तळातल्या मेन ड्रेनला (तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडाला) आणि काठावरच्या, पृष्ठभागावरचे पाणी ओढणाऱ्या स्किमरला तो बसवण्याची सोय नसते. मग ओळीत एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवावी लागते, आणि तिच्या सीटवर एखादा केस, पान किंवा वाळूचा कण अडकला की पाणी हळूहळू तलावाकडे परत उतरते.

दिवसा वीज गेली तर माणूस जवळ असतो. तो मोनोब्लॉकचा प्लग काढतो, बादलीने पाणी ओततो, हवा निघेपर्यंत थांबतो आणि पंप पुन्हा सुरू करतो. परंतु तलावाचा पंप टायमरवर पहाटे चालतो, आणि उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याने रात्री वीज जाणे-येणे नेहमीचेच आहे. वीज परत आली की टायमर पंप सुरू करतो, पंपात पाणी नसते, आणि सकाळी कोणी येईपर्यंत तो कोरडाच फिरत राहतो. पाण्याविना सीलच्या घासणाऱ्या चकत्या तापतात, रबर कडक होते, सील गळू लागते, आणि मग तेच गळके पाणी बेअरिंगकडे जाते. आमच्या मोनोब्लॉकचा शेवट याच क्रमाने झाला. त्यात पंपाचा दोष नव्हता. माणूस जवळ असताना चालवण्यासाठी तो बनवलेला आहे. पाहुणे पोहायला उतरण्याच्या वेळी पाणी ढगाळ दिसणे आणि गड्याने बादली घेऊन ओट्यावर उभे राहणे, हे मला दर उन्हाळ्यात नको होते.

सेल्फ-प्रायमिंग पंपाच्या पुढच्या गाळणीच्या डब्यात आणि इंपेलरच्या कक्षात बंद झाल्यावरही पाणी साठून राहते. सुरू झाल्यावर ते पाणी आणि सक्शनमधली हवा आत घुसळली जाते, हवा पुढे बाहेर पडते आणि थोड्या वेळात पंप आपणहून पाणी धरतो. पहिल्यांदा बसवताना डबा भरावा लागतो, पुढे सहसा लागत नाही. झाकण पारदर्शक असल्यामुळे पाणी धरले की नाही, बुडबुडे येतात का, गाळणी पानांनी भरली का, हे पंप न उघडता दिसते. मोनोब्लॉकच्या आधी वेगळी गाळणी बसवता येते आणि मी ती बसवलीही होती, पण तिच्या जास्तीच्या दोन सांध्यांतूनही हवा शिरते, असा माझा अनुभव आहे.

प्लास्टिकच्या पंपाच्या उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. आपल्या उन्हात उघड्यावर ठेवला तर त्याची बॉडी काही वर्षांत ठिसूळ होते, म्हणून वर छप्पर लागतेच. सांधे पान्याने जोरात आवळले तर तडा जातो, आणि बिडाची सवय असलेला मिस्त्री नेमके तेच करतो. झाकणाच्या ओ-रिंगला गाडीचे ग्रीस न लावता सिलिकॉन ग्रीस लावावे लागते, नाहीतर रबर फुगते. तलाव पूर्ण आटला किंवा पाणी स्किमरच्या खाली गेले, तर हा पंपही कोरडा चालतो आणि मग त्याचे प्लास्टिकचे भाग वितळूही शकतात, म्हणून ड्राय-रन संरक्षण, म्हणजे पाणी नसताना मोटर बंद करणारी सोय, दोन्ही पंपांना हवे. दुसऱ्या बाजूला, क्लोरीनच्या पाण्याने बिडाला गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग फरशीवर उतरतो, हा त्रास प्लास्टिकमध्ये नाही.

वेग बदलता येणाऱ्या पंपाचा मीही विचार केला होता. वेग निम्मा केला की पाणी निम्मे होते, पण शक्ती सिद्धान्ताने एक-अष्टमांशच लागते. तेवढेच पाणी दुप्पट वेळ चालवून फिरवले, तरी वीज चौथ्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात बचत यापेक्षा कमी होते, तरी ती मोठीच असते. बारमाही चालणाऱ्या मोठ्या तलावासाठी, जिथे व्होल्टेज स्थिर आहे, तिथे मी कदाचित हाच पंप सुचवीन. आमच्याकडे उन्हाळ्यात आजूबाजूच्या मोटारी सुरू असताना व्होल्टेज बरेच उतरते, आणि विजांच्या मोसमात ड्राइव्हचा (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) बोर्ड गेला तर तो गावात दुरुस्त होत नाही. ओळखीच्या एका रिसॉर्टचा पंप ऐन हंगामात याच कारणाने अडकून राहिला होता, आणि ते पाहून मी थांबलो.

ज्यांचा पंप पाण्याच्या पातळीखाली, कोरड्या राहणाऱ्या खोलीत आहे आणि ज्यांच्याकडे चोवीस तास माणूस आहे, त्यांना मोनोब्लॉक न घेण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. योग्य हेडचा, लहान हॉर्सपॉवरचा घेतला तर पैसेही वाचतील. मात्र ओट्यावर पंप, टायमर आणि बेभरवशाची वीज या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे एकत्र आहेत, त्यांनी जास्तीचे पैसे सेल्फ-प्रायमिंग पंपावर घालावेत, असे मला मनापासून वाटते.

बसवताना सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा लहान घेऊ नये, तोंडाला लगेच एल्बो न जोडता पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट लांबी सरळ ठेवावी, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे सांधे) आणि व्हॉल्व्ह द्यावेत, आणि अर्थिंगसह ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. हे पंप सांगलीच्या दुकानांत नेहमी तयार नसतात आणि पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मागवावे लागतात, त्यामुळे मागणी फेब्रुवारीतच नोंदवावी आणि सोबत एक सील व एक ओ-रिंग जास्तीची मागवून ठेवावी.