नदीकाठचा तंबू: दिवाळी ते मृग, २२ रात्रींनंतर

गेल्या दिवाळीनंतर आम्ही तीन माणसांचा तंबू घेतला आणि मृग लागेपर्यंत त्यात २२ रात्री काढल्या. नाशिक जिल्ह्यातल्या दारणेच्या काठी ९, गिरणेच्या ५, मोसमच्या ४ आणि गोदावरीच्या ४. सोबत माझा धाकटा भाऊ आणि अकरा वर्षांची लेक. एवढ्या वापरानंतर तंबूबद्दल काही ठामपणे सांगता येईल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तंबू मधल्या किमतीतला, घुमटाकार, दोन थरांचा. आतला थर बराचसा जाळीचा, बाहेरचं कापड पॉलिएस्टरचं, फायबरग्लासचे दोन दांडे एकमेकांवरून जातात. वजन साडेतीन किलोच्या आत. गाडीतून नेऊन शंभर-दोनशे पावलं चालायला ठीक. पाठीवर घेऊन गड चढायचा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

दुकानात मी पहिला प्रश्न विचारला होता तो पावसाचा. नाशिकमध्ये राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाऊस म्हटला की इगतपुरी-त्र्यंबक येतं. विक्रेत्यानेही वॉटरप्रूफचा आकडा दाखवला, २००० मिलिमीटर (हा पावसाचा नव्हे; किती उंच पाण्याचा दाब कापड न गळता झेलतं त्याचा), आणि मी खूश झाले. पण आम्ही जाणार होतो ते पूर्वेकडे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथून काही तासांच्या अंतरावर येवल्याकडे तो ५०० च्या आसपास येऊन थांबतो. नद्या त्याच सह्याद्रीतून निघतात, मात्र काठ कोरडे. २२ रात्रींत तंबूवर पाऊस पडला तो फक्त दोनदा. उरलेल्या रात्री गाठ पडली ती दवाशी, वाऱ्याशी, वाळूशी आणि उन्हाशी. दुकानात यांतल्या एकाबद्दलही मी विचारलं नव्हतं.

पहिली गाठ दवाशी. डिसेंबरात निफाडची थंडी काय असते हे द्राक्षवाल्यांना विचारा; पारा खाली गेला की ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आम्ही दारणासांगवीच्या अलीकडे, ओळखीतल्या एका आप्पांच्या मळ्यात उतरलो होतो. दारणा गोदावरीला मिळते तो हा भाग. पहिल्या रात्री हौसेने अगदी पाण्याजवळ, खोलगट जागी तंबू लावला आणि थंडी म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या. पहाटे पाचला लेकीने उठवलं, "आई, माझे पाय ओले झालेत." बॅटरी लावली तर बाहेरच्या कापडाला आतून थेंबांची रांग. झोपेत लेकीचे पाय भिंतीला टेकले होते आणि स्लीपिंग बॅगचं टोक पिळून निघेल इतकं भिजलं होतं. मला वाटलं, कापड गळतंय. पण ते दव नव्हतंच सगळं. बरंचसं पाणी आमच्याच श्वासाचं होतं, गार कापडाला लागून जमलेलं. त्यात थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून नदीच्या पात्रात येऊन साचते.

दुसऱ्या रात्री तंबू पंधरा-वीस फूट वर बांधावर नेला, दोन्ही बाजूंची वरची झापं उघडी ठेवली, कानटोप्या घालून झोपलो. सकाळी आतलं कापड जवळजवळ कोरडं होतं आणि वर थंडीही कमी वाटली. जाळी भरपूर असलेला तंबू हिवाळ्यात नको असं सांगणारे भेटतात. माझा अनुभव उलटा आहे. या तंबूचा हा गुण मी सगळ्यात वर ठेवेन. गॅसचं मात्र लक्षात ठेवा: छोट्या डब्यातला साधा ब्युटेन एवढ्या गारठ्यात नीट पेटत नाही, ज्योत मलूल होते. रात्री डबा पांघरुणात गुंडाळून ठेवला की सकाळचा चहा वेळेवर होतो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

फेब्रुवारीत पुन्हा आप्पांकडे गेलो. दारणा तेव्हा अगदी बारीक झाली होती, गोट्यांवरून खळखळत जाणारी. मधे वाळूचा सपाट पट्टा, स्वच्छ, काटा नाही, खडा नाही. तंबूसाठी याहून चांगली जागा मिळणार नाही असं वाटून आम्ही पिशवी सोडली, तेवढ्यात आप्पा वरून हाका मारत आले.

"ताई, तिथं नका ठोकू. बांधावर या."

"का हो आप्पा? पाणी तर किती लांब आहे."

"आता लांब आहे. वरून आवर्तन सोडलंय म्हणत्यात. इथं कवा पोचंल ते काय सांगून येतंय का!"

मला आवर्तन म्हणजे कालव्याचं पाणी एवढंच ठाऊक. दारणेचं तसं नाही. धरण १९१६ सालचं, वर इगतपुरी तालुक्यात. तिथून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. म्हणजे आभाळ कोरडं ठणठणीत असताना, ढगाचा मागमूस नसताना ही नदी रात्रीतून फुगू शकते. आम्ही मुकाट्याने बांधावर आलो. भावाने झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवली.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. संध्याकाळपासून कानात बसलेली ती खळखळ नव्हतीच. गोटे पाण्याखाली गेले होते, म्हणून नदी गप्प झाली होती. सकाळी पाहिलं तर काठी दिसेना. ज्या दगडांवर बसून आम्ही संध्याकाळी चहा घेतला तेही दिसेनात, आणि त्या वाळूच्या पट्ट्यावरून गढूळ पाणी संथपणे चाललं होतं. लेक तिथेच उभी राहून बराच वेळ बघत होती. मी तिचा हात सोडला नाही.

तेव्हापासून आम्ही कुठल्याही नदीवर गेलो तरी आधी विचारतो: वर कुठलं धरण, आवर्तन चालू आहे का, सुटणार कधी? गावातल्या शेतकऱ्याला ते तोंडपाठ असतं, त्याची पाण्याची पाळी त्यावरच ठरते. पाटबंधारे खात्याच्या शाखेतही कळतं. कळलं नाही तर पात्रात तंबू लावायचाच नाही. कापड कितीही भारी असो, या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही.

दारणा-गोदावरीच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य आहे, ते बिबट्याचं. उसात त्याचं बस्तान असतं, तिथेच पिल्लं होतात, हे निफाड-सिन्नरकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. उसाच्या कडेला तंबू लावायचा नाही. वस्तीच्या नजरेत, मोकळ्या जागी लावायचा. अंधार पडल्यावर पोराला एकटं बाहेर सोडायचं नाही, उरलेलं जेवण आसपास टाकायचं नाही. आप्पा आम्हाला नेहमी गोठ्याच्या दिव्याच्या उजेडात जागा देतात. सुरुवातीला तो उजेड खुपायचा. आता तो दिसला की मला शांत झोप लागते.

पिण्याचं पाणी नदीचं घेऊ नका, विशेषतः शहराच्या खाली गोदावरीचं. पाणवेलींचा तो हिरवा गालिचा फोटोत सुंदर दिसतो, पण शहराचं सांडपाणी तिथेच येतं. गंगामाई म्हणून जिला हात जोडतो तिच्याकडे बघून पोटात तुटतं. आम्ही २० लिटरचा जार घरूनच भरून नेतो. एप्रिलमध्ये माणशी दिवसाला पाच-सहा लिटर सहज लागतं.

नांदूरमध्यमेश्वरला तंबू नेला नाही. ते अभयारण्य आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. बाहेर नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि पहाटे दुर्बीण घेऊन गेलो. पट्टकदंब हंसांचा थवा पाण्यावरून उठला तेव्हा लेकीच्या तोंडून शब्द फुटेना.

मार्चनंतर आम्ही गिरणेकडे वळलो आणि तंबूचे दोष तिथे उघडे पडले. नांदगाव-मालेगावकडचं ऊन वेगळंच. दुपारी वावटळी उठतात, संध्याकाळी पश्चिमेचा वारा घोंगावत येतो. सोबत मिळालेल्या बारीक वाकड्या खुंट्या वाळूत ठोकल्या काय न ठोकल्या काय, सारखंच. आणि वरच्या मुरमाड जमिनीत त्याच खुंट्या दोन घावांत वाकल्या. वाळूसाठी एका मेंढपाळ दादांनी दाखवलेला उपाय आजवर कधी फसला नाही: खताची रिकामी गोणी अर्धी वाळूने भरायची, तोंडाला तंबूची दोरी बांधायची, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरायची आणि वरून वाळू दाबायची. चार कोपऱ्यांना चार गोण्या. जाताना वाळू ओतून गोण्या परत घ्यायच्या. मुरमासाठी आम्ही लोहाराकडून सळईच्या वीतभर खुंट्या करून घेतल्या.

पण एका एप्रिलच्या संध्याकाळी वाऱ्याने फायबरग्लासचा दांडा सांध्याजवळ उभा चिरला. त्याच्या कुसळांनी भावाचा तळहात सोलला गेला. त्या रात्री चिरलेल्या जागेवर बाभळीची सरळ काडी ठेवून सुतळीने आवळून बांधली आणि वेळ निभावली. नंतर त्याच जागी ॲल्युमिनियमच्या नळीचा वीतभर तुकडा चढवला, तो अजून टिकून आहे. दुकानदाराने दांडा बदलून द्यायला नकार दिला, "वाऱ्याने मोडला, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला. तंबू वाऱ्यात लावायचा नाही तर कुठे लावायचा? याचं मला आजही वाईट वाटतं. पूर्वेकडे जाणार असाल तर हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील, ॲल्युमिनियमचे दांडे घ्या.

उन्हाचं गणित आम्ही थर्मामीटर लावून पाहिलं. सकाळी अकराला बाहेर सावलीत ३८ अंश होतं तेव्हा बंद तंबूत ४७. मग रोपवाटिकेची जुनी हिरवी शेडनेट चार बांबूंवर तंबूच्या वर फूटभर अंतर सोडून ताणली. आत ४१. सहा अंशांत जीवात जीव येतो. शिवाय उन्हाने पॉलिएस्टरचं कापड हळूहळू कुजतं, रंग विटतो, तेही टळतं. उन्हाळ्यात आता शेडनेट आधी, तंबू नंतर.

तळ मात्र मजबूत निघाला, अर्थात त्याखाली आम्ही शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा अंथरतो. ५०० मायक्रॉनचा तो कागद सराट्यालाही दाद देत नाही. वेड्या बाभळीच्या काट्याने एकदा हवेची गादी फोडली, तेव्हापासून फोमची मॅट. चेन मात्र सारखी लक्ष मागते: वाळू अडकते, ओढलं की दात झिजतात. जुन्या टूथब्रशने झाडून मेणबत्ती फिरवली की सरळ चालते. ती रात्रंदिवस बंद ठेवायची. फुरसं आणि विंचू या कोरड्या काठांवर आहेतच. सकाळी बूट झटकल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाय घालत नाही.

गिरणेच्या पात्रात डुंबायला उतरू नका हेही इथेच सांगते. वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्याइतक्या पाण्यात पडतं.

मोसमकाठच्या रात्री सगळ्यात सुखाच्या. जुने फड बंधारे (फड म्हणजे एका बंधाऱ्याचं पाणी मिळून वाटून घेणाऱ्या शेतांचा पट्टा), त्यातून निघालेले पाट, चिंचेची सावली. एका पाटकरी बाबांनी लेकीला फडाचं पाणी शेतांतून पाळीपाळीने कसं फिरतं ते काठीने मातीत रेघा ओढून समजावलं. ते चित्र तिने वहीत उतरवून घेतलं आहे. अवकाळीच्या दोन रात्री याच काठावरच्या. एकदा तासभर झोडपून पाऊस आला, बोराएवढ्या गारा पडल्या. आत थेंब आला नाही, शिवणीही कोरड्या राहिल्या. म्हणजे २००० चा आकडा खरा होता. पण सकाळी शेजारच्या रानात काढणीला आलेला कांदा भिजून पडलेला पाहिला आणि तंबूचं कौतुक करावंसं वाटलं नाही. आम्ही दुपारपर्यंत तिथेच थांबून कांदा उचलायला हात लावला.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच आकार, हीच जाळी, पण ॲल्युमिनियमचे दांडे आणि हलक्या रंगाचं कापड घेईन. सध्या तंबू घरात आहे. ओलसर घडी घालून ठेवला तर आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं, म्हणून गच्चीत दोन दिवस सावलीत वाळवला, घट्ट गुंडाळी न करता सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. शेडनेट आणि गोण्या आप्पांच्या कांदाचाळीत ठेवल्यात. दसऱ्यानंतर तिथूनच उचलायच्या आहेत.