आलेखावरून समीकरण: शिरोबिंदू धरायचा, मुळं धरायची की तीन बिंदू?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून तालीम मंडळांच्या फुटबॉल मॅचेस बघणाऱ्या पोरांना अन्वस्त (पॅराबोला) म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. उचलून मारलेली फ्री किक बाजूनं बघितली की झालं. अडतं ते पुढं. आलेख समोर आहे, पण समीकरण कुठल्या रूपात मांडायला घ्यायचं?

एकच किक धरू. क्ष हे आडवं अंतर, य ही उंची. चेंडू शून्यावरून उडाला, १२ मीटरवर ६ मीटर उंच गेला आणि तसाच गेला असता तर २४ मीटरवर टेकला असता. हवेचा अडथळा सोडून द्या. गोलपोस्ट २२ मीटरवर, वरची दांडी २.४४ मीटरवर, आणि गोलकीपर नको तितका पुढं आलाय. गोल झाला की नाही?

शिरोबिंदूवरून, म्हणजे वक्राच्या माथ्यावरून, मांडलं तर य = अ(क्ष − १२)² + ६. यातला अ शोधायचा. आलेख (०, ०) मधून जातो, म्हणून १४४अ + ६ = ० आणि अ = −१/२४. मुळांवरून, म्हणजे वक्र क्ष-अक्षाला छेदतो त्या ० आणि २४ वरून, मांडलं तर य = अ × क्ष × (क्ष − २४). त्यात (१२, ६) घातलं की पुन्हा अ = −१/२४. क्ष = २२ ठेवा: २२ × २ ÷ २४, म्हणजे १.८३ मीटर. गोल!

कागदावर दोन्ही सारखेच. फरक पडतो तो आलेख डोळ्यांनी वाचताना, आणि इथंच बहुतेक पोरं फसतात. शिरोबिंदू ठसठशीत दिसतो म्हणून तोच भरवशाचा वाटतो. पण माथ्यावर वक्र सपाट असतो. १२ वरून १३ वर गेलं तरी उंची जेमतेम ४ सेंटीमीटरनं उतरते. एक सेंटीमीटरला एक मीटर असं प्रमाण घेतलं, तर आलेखकागदावर हा फरक पेन्सिलीच्या रेघेतच बुडतो. समजा तुम्ही शिरोबिंदू (१३, ६) वाचलात. मग अ = −६/१६९ येतो आणि २२ मीटरवरची उंची ३.१२ मीटर. चेंडू दांडीवरून गेला, गोल गेला!

आता तोच चुकीचा (१३, ६) मुळांच्या रूपात घाला. अ = −६/१४३, आणि २२ वर उंची १.८५ मीटर. गोल शाबूत. कारण मुळांपाशी वक्र तिरका उतरतो. शेवटच्या अर्ध्या मीटरात चेंडू जवळजवळ अर्धा मीटर खाली येतो, त्यामुळं तो अक्षाला नेमका कुठं छेदतो ते स्वच्छ वाचता येतं. म्हणून हातानं काढलेला किंवा फोटोवरचा आलेख असेल आणि दोन्ही मुळं दिसत असतील, तर मी डोळे झाकून मुळं घेतो. माथ्यावरून फक्त उंची वाचायची. त्याचं आडवं स्थान मुळांच्या सरासरीवरून काढायचं.

शिरोबिंदूचं रूप टाकाऊ आहे असं नाही. छापील प्रश्नात शिरोबिंदू चौकटीच्या कोपऱ्यावर नेमका बसवलेला असेल तर तेच सगळ्यात झटपट. आणि आलेख क्ष-अक्षाला शिवतच नसेल तर वास्तव मुळंच नसतात, मग हा रस्ता आपोआप ठरतो.

तिसरा पर्याय सामान्य रूपाचा: य = अक्ष² + बक्ष + क, त्यात तीन बिंदू घालून समीकरणं सोडवायची. दहावीला हे रूप घोटून घेतलेलं असतं, म्हणून हात आधी तिकडंच जातो. मी ते शेवटी ठेवतो. आकडेमोड जास्त, आणि बिंदू जवळजवळ घेतले तर घात. (०, ०), (४, ३.३३), (६, ४.५) मधला ३.३३ नुसता ३.३ वाचा, २२ वरची उंची थेट ३.३ मीटर येते. तीन सेंटीमीटरची चूक पुढं जाऊन जवळपास दीड मीटर झाली! शिरोबिंदू आणि मुळं दोन्ही चित्राबाहेर असतील तेव्हाच हे वापरा, आणि बिंदू लांब लांब घ्या.

नुसती किंमत वाचायची असेल तर समीकरणाची गरजच नाही. क्ष वरून उभं जा, वक्राला भेटा, डावीकडं उंची वाचा. उलटं विचारलं, म्हणजे उंची ४.५ मीटर कुठं, तर आडवी पट्टी ठेवा आणि वक्राला ती दोनदा छेदते हे विसरू नका. ६ वर चेंडू चढत असतो, १८ वर उतरत.