पोस्टहॉगवर रिटेन्शन लावलं, दूध संस्थेच्या ॲपसाठी (तीन महिने वापरून लिहितोय)

आमचं छोटं ॲप आहे, कोल्हापूर-सांगलीकडच्या दूध संस्थांसाठी. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) लागतं, ते आकडे आणि दहा दिवसांचं बिल त्याला मोबाईलवर दिसतं, बास एवढंच. किती सभासद टिकतात आणि किती जण एकदा उघडून परत फिरकत नाहीत हे बघायचं होतं, यालाच रिटेन्शन म्हणतात. टीम तिघांची, बजेट शून्य. आधी एका पेड टूलचा डेमो घेतला होता, त्यांचा सेल्सवाला तासभर बोलला पण किंमत काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, तो नाद सोडला.

पोस्टहॉग म्हणजे ॲपमध्ये कोण काय करतं ते मोजणारं टूल. ते ओपन सोर्स आहे आणि क्लाउडवर (त्यांच्याच सर्व्हरवर) महिन्याला १० लाख इव्हेंट, म्हणजे माणसाने ॲपमध्ये केलेल्या कृतींच्या नोंदी, फुकट. आमच्यासारख्याला ते भरपूर होतं, म्हणजे हिशोबच करायचा तर २,००० सभासद, माणशी दिवसाला ६ इव्हेंट धरले तरी महिन्याचे ३ लाख ६० हजार होतात. फक्त प्रत्येक टॅप पाठवत बसू नका, मोजकेच इव्हेंट ठेवा.

रिटेन्शनचा चार्ट लावायला खरंच दहा मिनिटं लागतात. दोन इव्हेंट निवडायचे, एक सुरुवातीचा आणि एक परत येण्याचा, मग दिवस, आठवडा की महिना ते सांगायचं, की तक्ता तयार. डावीकडे कोणत्या दिवशी किती जण आले, आणि उजवीकडे पुढच्या प्रत्येक दिवशी त्यातले किती टक्के परत आले. पहिला रकाना नेहमी १०० टक्के असतो, तो बघून खूश होऊ नका (आमच्यातला एकजण झाला होता).

घोळ झाला तो आमच्याकडून. सुरुवातीच्या इव्हेंटला 'पहिल्यांदा केला' असा पर्याय असतो आणि 'वारंवार' असाही असतो, आम्ही न वाचता वारंवार ठेवला, त्यामुळे वर्षभर जुने सभासदसुद्धा रोज नव्याने मोजले जायला लागले आणि आकडा इतका गोड दिसायला लागला की आम्ही दोन दिवस हवेत. नवीन माणूस टिकतो का हे बघायचं असेल तर पहिल्यांदावालाच पर्याय घ्या. दुसरं म्हणजे परत येण्याचा इव्हेंट आम्ही 'ॲप उघडलं' हा ठेवला होता, आता नोटिफिकेशनवर चुकून बोट लागलं तरी ॲप उघडतं की. तो बदलून 'पावती बघितली' केला तर टक्के धाडकन खाली. वाईट वाटलं, पण खरं काय ते तेव्हा दिसलं.

टाइमझोनचं तर विचारूच नका. आमचा प्रोजेक्ट यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) होता आणि कोणी बघितलंच नाही. इतर ॲपला हे कदाचित चालून जाईल, पण दूध संकलन सुरू होतं पहाटे पाचला! पहाटे ५:३० च्या आधीचं सगळं यूटीसीत आदल्या तारखेत जातं. म्हणजे काल संध्याकाळी ज्याने ॲप घेतलं आणि आज पाच वाजता डेअरीवर उभं राहून पावती बघितली, तो 'परत आला' असं धरतच नव्हते, कारण तक्त्याच्या हिशोबाने अजून कालच चालू होता. सेटिंगमध्ये जाऊन भारताची वेळ लावली, दोन क्लिकचं काम.

लॉगिन झालं की आयडेंटिफाय कॉल करा (हा कोण ते पोस्टहॉगला कळवायचं) आणि लॉगआउटला रीसेट करा (ती ओळख पुसायची). गावाकडे एकाच फोनवर बापाचा कोड आणि पोराचा कोड दोन्ही चालतात, रीसेट विसरलात तर दोघांचा एकच माणूस होऊन बसतो. आयडी म्हणून मोबाईल नंबर देऊ नका, आम्ही संस्थेचा कोड आणि सभासद नंबर जोडून एक आतला आयडी केलाय. स्वतःचे टेस्टिंगचे फोनही फिल्टरमध्ये टाका, नाहीतर सगळ्यात निष्ठावान शेतकरी तुम्हीच निघता.

एवढं सगळं करूनही रोजचा आलेख पडलेलाच, आठवड्याचा तर काहीच्या काही वरखाली. आम्ही डिझाइन बदलायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एका संस्थेच्या सचिवांना सहज विचारलं तर ते म्हणाले, "अवो, पावतीचा मेसेज येतोय की, रोज कशाला उघडंल कोण? बिलाला उघडत्यात बघा." झालं. दूध बिलाचा दसवडा असतो, १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर, आणि आम्ही तो सात दिवसांच्या डब्यात कोंबत होतो. अँप्लिट्यूड नावाच्या अशाच दुसऱ्या टूलमध्ये असे आपल्याला हवे तसे दिवसांचे गट पाडता येतात. आम्ही पोस्टहॉगमध्येच एसक्यूएलने (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) केलं, तारखेवरून दसवडा काढायचा आणि 'बिल बघितलं' हा इव्हेंट किती दसवडे सलग येतो ते मोजायचं. क्वेरी लिहायला एक दुपार गेली, पण आता जो तक्ता येतो तो सचिवांना दाखवला तरी त्यांना कळतो. कळतो म्हणजे मी मराठीत सांगितल्यावर, कारण इंटरफेस सगळा इंग्रजीत.

फायरबेस आणि गूगल ॲनालिटिक्स (गूगलची अशीच टूल्स) वापरणाऱ्यांना एक सांगून ठेवतो, जीए४ मध्ये (म्हणजे गूगल ॲनालिटिक्स ४) 'डेटा रिटेन्शन' नावाची वेगळीच सेटिंग आहे, तिचा आणि युजर टिकण्याचा संबंध नाही. ती आधीपासून २ महिन्यांवर असते, १४ वर नेऊन ठेवा, नाहीतर एक्सप्लोरेशनमध्ये (तिथले सविस्तर रिपोर्ट) गेल्या वर्षीचा पावसाळा शोधत बसाल.

पोस्टहॉगला माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो मेनूसाठी. रेकॉर्डिंग, फीचर फ्लॅग, सर्व्हे, एक्स्परिमेंट, सगळं एकाच ठिकाणी ओतलंय, नवीन माणूस रिटेन्शन शोधता शोधता दुसरीकडेच पोचतो. टीममध्ये एसक्यूएल येणारा एक तरी असेल तर बिनधास्त घ्या.