जाळीचा स्कार्फ: दोन सुयांवर की क्रोशाने?

बेळगाव-खानापूरकडे क्रोशा घराघरांत आहे. दारावरचं तोरण, रुमालाची लेस, टीव्हीवरचं झाकण, सगळं त्याच्यावरच झालेलं. सुया मात्र बाळाची टोपडी-मोजे करायच्या वेळीच बाहेर निघतात. त्यामुळे जाळीदार स्कार्फ करायचा म्हटलं की हात आपसूक क्रोशाकडे जातो. तरी थोडं थांबा.

स्कार्फ गळ्यात घालायचा असतो, म्हणून आधी तो अंगावर कसा पडतो ते बघा. क्रोशाच्या खांबात, म्हणजे उंच उभ्या टाक्यात, दोरा स्वतःभोवतीच गुंडाळला जातो, त्यामुळे वीण जाड आणि थोडी ताठ होते. तोरणाला हा ताठपणा शोभतो, गळ्याला नाही. सुयांवर टाक्यात टाका नुसता अडकलेला असतो, म्हणून कापड ताणतं आणि मऊ लोंबतं. दोराही कमी लागतो. चार-पदरी लोकरीचा 100 ग्रॅमचा गुंडा साधारण 400 मीटर भरतो, त्यात सुयांवरचा एक स्कार्फ आरामात होतो. तेवढ्याच मापाला क्रोशा सुमारे तिसरा हिस्सा जास्त खातो.

क्रोशाची खरी बाजू चुकीच्या वेळी कळते. तिथे एकच फास जिवंत, म्हणजे उघडा, असतो. चुकलं, ओढलं, उसवलं, पुन्हा सुरू. सुयांवर अख्खी ओळच जिवंत असते. जाळीचं भोक पडतं ते दोरा पुढे घेऊन सुईवर घातलेल्या जादा वेढ्यामुळे, आणि वाढलेला टाका जिरवायला दोन टाके एकत्र विणावे लागतात. वेढा घालायचा राहिला तर टाका कमी पडतो, आणि ते कळतं चार ओळी वर गेल्यावर. यावर एक जुनी युक्ती आहे. दर आठ-दहा ओळींनी, टाके मोजून बरोबर आले की, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून तो विणकामाच्या सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून फिरवा आणि तसाच राहू द्या. पुढे काहीही बिघडलं तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. हे केलं तर सुयांची निम्मी भीती जाते.

चारचौघींत बसून विणायचं असेल तर क्रोशाच सोयीचा. भिशीत गप्पाही चालतात आणि खांबही पडतात. शिवाय अडलं तर शेजारच्या काकू नुसत्या बघून सांगतात, ‘इथं साखळी एक जास्त झालीय गं.’ सुयांच्या जाळीत नक्षीच्या ओळीला तोंड बंद ठेवावं लागतं, बोलायचं ते मधल्या साध्या उलट ओळीत. पण दोघी-तिघींनी एकच नमुना वेगवेगळ्या दोऱ्यात घेऊन बघा. तिघींचे तुकडे शेजारी ठेवले की दोऱ्याचा फरक कुणी समजावून सांगायला लागत नाही.

कारण दोऱ्यानेच पुष्कळ काही ठरतं. सुयांवरची जाळी विणून झाल्यावर चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की नक्षी उघडते. लोकर हा ताण पुढच्या धुण्यापर्यंत धरते. दुकानात सहज मिळणारं अॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं, पण नुसत्या पाण्याने ते पुन्हा आखडतं. त्याला लांबून वाफ द्यावी लागते, आणि इस्त्री चुकून टेकली तर कापड कायमचं मेलेलं. सुती दोरा क्रोशाला उत्तम, सुयांवर मात्र वजनाने खाली ओढतो. धनगरी लोकर घोंगड्यालाच बरी, गळ्याला टोचते. आणि आपल्याकडच्या पावसात टाचलेली लोकर वाळत नाही, कुबट वास धरते. ताणून वाळवायचं काम दसऱ्यानंतर ठेवा.

भेट द्यायला पंधरवड्यात हवा असेल, किंवा प्रवासात विणायचा असेल, तर क्रोशा घ्या आणि नेहमीपेक्षा जाड क्रोशाची सुई वापरा, वीण सैल पडेल. स्वतःसाठी, वर्षानुवर्षं वापरायला हवा असेल तर माझं मत सुयांना. 4 मिमीच्या सुया, फिकट रंगाची लोकर (काळ्यावर टाके दिसत नाहीत), चार किंवा सहा ओळींत संपणारा नमुना, आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलटच, म्हणजे कड वळत नाही.