पेन टॅबलेटवर सलग रेष: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

टॅबलेट बिनस्क्रीनचा, मध्यम आकाराचा: पेन पाटीवर फिरवायचा, रेष संगणकाच्या स्क्रीनवर उमटते. कामाची जागा १० × ६.२५ इंच, पेनाला बॅटरी नाही, दाबाच्या ८१९२ पातळ्या. विंडोजच्या संगणकावर क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरसोबत लातुरात पावसाळ्यापासून रोज वापरात आहे. काम बहुतेक लांब वळणांचं: पैठणीचे मोर, पत्रिकेवरचे गणपती, पुस्तकांची चित्रं.

आधीच एक सांगून टाकतो. रेष थरथरली की बहुतेक जण पहिल्यांदा स्टॅबिलायझर (रेष आपोआप गुळगुळीत करणारी सोय) शेवटपर्यंत वाढवतात. तो सगळ्यात शेवटी हात लावायचा भाग आहे. थरथर कुठून येते ते न शोधता तो वाढवला, तर रेष गुळगुळीत होते पण मेल्यासारखी दिसते. वळणातला जोर निघून जातो.

सुरुवात मॅपिंगपासून, म्हणजे टॅबलेटची जागा स्क्रीनला कशी जोडली आहे तिथून करा. रुंदी-उंचीचं प्रमाण टॅबलेटचं १६:१० आणि स्क्रीनचं १६:९ असेल, तर ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारा संगणकातला प्रोग्रॅम) संपूर्ण टॅबलेट संपूर्ण स्क्रीनवर ताणतो. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर आडव्या इंचाला १९२ पिक्सेल येतात, उभ्या इंचाला जेमतेम १७३. म्हणजे हाताने गोल काढला तरी स्क्रीनवर तो सुमारे ११ टक्के रुंद उमटतो, आणि डोळा सारखा हाताला सावरत राहतो. ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर कामाची जागा हाताने १० × ५.६२ इंच करा. खालची अर्ध्या इंचाहून जास्त पट्टी वाया जाते, जाऊ द्या.

आकाराचं गणितही इथेच येतं. २४ इंची मॉनिटर सुमारे २१ इंच रुंद असतो, त्यामुळे १० इंची टॅबलेटवर हाताचा प्रत्येक कंप दुप्पट दिसतो. ६ इंच रुंदीच्या लहान टॅबलेटवर तोच साडेतीनपट. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साडेतेरा इंचांच्या आसपास रुंद, तिथे मध्यम टॅबलेटवर कंप दीडपटीच्याही आत राहतो. मोठा मॉनिटर वापरणाऱ्याने लहान टॅबलेट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोष हाताचा की यंत्राचा? टॅबलेटवर फूटपट्टी तिरकी ठेवून तिच्या कडेने अगदी सावकाश रेष ओढा. पट्टी असूनही रेष लाटांसारखी आली, तर हात निर्दोष आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तीच रेष ओढा. लाट गेली, तर गडबड विजेच्या बाजूला. आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण त्यातल्या अर्थिंगची तार बऱ्याचदा जोडलेलीच नसते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर काम करतानाही हा त्रास वाढू शकतो. टॅबलेटशेजारी चार्जिंगला लावलेला मोबाईल दूर ठेवा आणि केबल हबमधून न नेता थेट संगणकाला जोडा. सावकाश ओढलेल्या तिरक्या रेषेत थोडी लाट मात्र या प्रकारच्या टॅबलेटमध्ये राहतेच. ती वेगाने ओढल्यावर दिसत नाही.

उलट, जलद वळण तुकड्या-तुकड्यांचं, कोनाकोनांचं येत असेल तर संगणक मागे पडतो आहे. ए-फोर, ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० पिक्सेल) कॅनव्हास २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो; त्यावर खूप मोठा पोताचा ब्रश जड जातो. क्रितात इन्स्टंट प्रिव्ह्यू चालू करा. ब्रशची रेष लागोपाठ पडणाऱ्या ठशांची बनते; त्यांच्यातलं अंतर, म्हणजे स्पेसिंग, ०.१ असेल तर ठसे ब्रशच्या व्यासाच्या दहाव्या भागावर पडतात. बारीक शाईच्या ब्रशला ते पुरतं, मोठ्या ब्रशच्या कडेला मणी दिसू लागले तर ०.०५ करा. त्याहून फार खाली नेलं की पुन्हा संगणक अडखळतो.

रेषेच्या सुरुवातीला गोल उमटून पेन अडकल्यासारखा वाटतो, तो विंडोजचा ‘दाबून धरल्यास राइट क्लिक’ प्रकार. पेनाच्या सेटिंग्जमधून बंद करा. दाबच लागत नसेल तर क्रिताच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक या पेनाचे संकेत घेण्याच्या दोन पद्धतींची अदलाबदल करून क्रिता पुन्हा सुरू करा. जुन्या टॅबलेटचा ड्रायव्हर संगणकात राहिला असेल तर तोही काढा, दोन ड्रायव्हर एकमेकांत भांडतात. क्रिताच्या त्याच टॅबलेट सेटिंग्जमध्ये दाबाचा आलेख आहे: हात जड असेल तर वक्र मधोमध खाली ओढा, हलका असेल तर वर.

एवढं झाल्यावर स्मूदिंग, म्हणजे क्रिताची रेष गुळगुळीत करण्याची सोय; बेसिक, वेटेड आणि स्टॅबिलायझर हे तिचे प्रकार. रोजच्या स्केचिंगला बेसिक पुरे. शाईच्या रेषेला वेटेड घ्या, त्यातलं अंतर (डिस्टन्स) २० ते ३० च्या आसपास, आणि स्मूद प्रेशर चालू; जाड-बारीक बदल एकसारखा येतो. अंतर फार वाढवलं की मोराच्या चोचीसारखे टोकदार कोपरे गोलावतात. स्टॅबिलायझर मी फक्त पैठणीच्या वेलींसारख्या लांब, संथ रेषांना लावतो. त्यातला डिले कर्सरभोवती एक वर्तुळ तयार करतो आणि त्याच्या आत हात हलला तरी काही उमटत नाही. फिनिश लाइन बंद असेल तर रेष पेनाच्या अलीकडेच तुटते, म्हणून ती चालू ठेवा.

हाताचं काम सॉफ्टवेअर करणार नाही. लांब वळण मनगटातून नाही, कोपर-खांद्यातून ओढा. आधी पेन हवेत एकदोनदा त्याच वाटेने फिरवा, मग टेकवा, आणि नजर पेनाच्या टोकावर न ठेवता रेष जिथे संपणार तिथे ठेवा. झूम इतकाच, की अख्खी रेष स्क्रीनवर मावेल. अवघड दिशेची रेष असेल तर ४ आणि ६ या कळांनी कॅनव्हास फिरवा, ५ ने सरळ. सरावाला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. त्याच्या भुवईची आणि खांद्याची रेष एका दमात ओढता येते का, तेवढं बघा.

एप्रिल-मेच्या उन्हात घामाने तळहात चिकटतो आणि वळण मध्येच अडतं. दोन बोटांचा हातमोजा घाला. पृष्ठभाग रोज कोरड्या मऊ फडक्याने पुसा, कारण इथली धूळ निबखाली, म्हणजे पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकाखाली, दळली जाऊन ओरखडे पडतात. निब झिजून एका बाजूला छिन्नीसारखी सपाट झाली की तिची कड लागते आणि रेष खरखरते. सपाटपणा उघड दिसू लागला की लगेच बदला. खरबरीत फिल्म चिकटवल्यास कागदासारखी पकड येते, पण निबा लवकर संपतात. ती लावणार असाल तर जादा निबा टॅबलेटसोबतच मागवा.